मध्य जावातील खेडे आणि त्याची जमीन : काही भूवाचक शब्दांच्या आधारे एक विचार

१

'कुली' हा शब्द मराठी वाचकास परिचित आहे. ज्याच्यापाशी स्वतःच्या देहबळाखेरीज विकण्यासारखे दुसरे काही नाही, असा मनुष्य या शब्दाने डोळ्यांसमोर उभा राहतो. हाच शब्द मध्य जावातील योग्यकार्ता संस्थानच्या खेड्यांत मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गावातील सर्वांत प्रतिष्ठित शेतकऱ्यास लावला जात असे. ज्याच्याकडे पाण्याखालचे भातशेत, घरामागचे परसू आणि राहते घर ही तिन्ही असत, तो 'कुली केंचेंग' होय. 'केंचेंग' म्हणजे ताठ, घट्ट. भातशेत आहे पण परसू नाही असा तो 'कुली गुंडुल'. 'गुंडुल' म्हणजे बोडका. केवळ परसू व घर असणारा 'कुली करांगकोपेक'. त्याखालच्या मनुष्याच्या नावातून 'कुली' हा शब्द गळून पडतो. दुसऱ्याच्या परसात झोपडी घालून राहणारा तो 'इंदुंग त्लोसोर', आणि ज्याला झोपडीही नाही, जो दुसऱ्याच्या घरीच राहतो, तो 'मोंदोक'. स्थानपरत्वे या संज्ञांच्या अर्थांत थोडाफार फरक आढळतो. परंतु उतरंड हीच.

येथे एक कोडे उपस्थित होते. जो शब्द अन्यत्र भूमिहीन मजुराचा वाचक आहे, तोच येथे भूमिधारकाचा वाचक कसा झाला? आणि जो खरोखर भूमिहीन आहे त्याला 'कुली' ही पदवी का नाकारली गेली? हे कोडे केवळ शब्दव्युत्पत्तीचे नव्हे. जावातील खेडे आणि त्याची जमीन यांचा संबंध हजार वर्षांत कसकसा बदलत गेला, याचा माग या एका शब्दाच्या आधारे काढता येतो. प्रस्तुत निबंधाचा हेतू तेवढाच आहे.

२

प्रथम भूमीचे स्वरूप ध्यानात घेणे आवश्यक आहे. योग्यकार्ताचा सखल प्रदेश उत्तरेस मेरापी ज्वालामुखी आणि दक्षिणेस हिंदी महासागर यांच्या दरम्यान उतरत गेला आहे. पश्चिमेस प्रोगो व पूर्वेस ओपाक या दोन नद्यांनी तो वेढलेला असून मेरापीच्या राखेने त्याची माती पुनःपुन्हा ताजी होत आली आहे. खेड्याची जमीन तीन प्रकारची. बांध घालून पाणी कोंडलेले भातखाचर ते 'सावाह'; पावसावर अवलंबून असणारे कोरडवाहू शेत ते 'तेगाल'; आणि घराभोवतीचे परसू ते 'पेकारांगान'. परशात नारळ, केळी, फणस, बांबू, कंद व भाजीपाला यांची एकावर एक दाटी असते. दुरून पाहणाऱ्यास गाव दिसतच नाही. भातखाचरांच्या सपाट विस्तारात झाडीचे एक बेट तेवढे दिसते, आणि घरे त्या झाडीत दडलेली असतात. भाताचे पीक येण्यापूर्वीच्या टंचाईच्या महिन्यांत गरीब कुटुंबाची भूक परसूच भागवीत असे. यास्तव वरील उतरंडीत परसू असणारा व नसणारा हा भेद एवढ्या बारकाईने नोंदलेला आहे.

शेतीच्या कामासाठी वर्षाचे बारा असमान भाग करण्याची पद्धत होती. तिला 'प्रानाता मांग्सा' म्हणतात. सुराकार्ताचा राजा सातवा पाकुबुवाना याने १८५५ मध्ये तिला निश्चित रूप दिले. वर्ष जूनच्या उत्तरार्धात सुरू होते व पहिला भाग ४१ दिवसांचा असतो. पहिल्या दहा भागांस पहिला, दुसरा, तिसरा अशी क्रमवाचक नावे आहेत. शेवटच्या दोहोंस मात्र 'देस्ता' व 'सादा' म्हणतात. त्यांत आपले ज्येष्ठ व आषाढ ओळखू येतात.

या मिश्रणात एक प्रकारची व्यवस्था आहे. जमीन, पीक आणि कष्ट यांचे शब्द बहुतांशी देशी आहेत: सावाह, तेगाल, कापणीची चिमुकली विळी 'आनी-आनी', कांडण्याचे लाकडी उखळ 'लेसुंग'. मराठीत जसे साळ, तांदूळ, कणी व भात हे निरनिराळे शब्द आहेत, तसे जावी भाषेत शेतातील पीक 'पारी', झोडलेले धान्य 'गाबाह', सडलेले 'बेरास', कणी 'मेनिर' आणि शिजवलेला भात 'सेगा'. यांपैकी एकही संस्कृतातून आलेला नाही. उलट जमिनीवर सांगितले जाणारे हक्क, तिच्यावर बसविलेले कर आणि सत्ता यांचे शब्द पाहू लागताच संस्कृताची दाटी जाणवते. 'देसा' म्हणजे खेडे, हा आपला देश. 'नगारा' म्हणजे राजधानी व राज्य, हे नगर. गावाच्या रक्षकास 'जागाबाया' म्हणतात, त्यातील 'बाया' म्हणजे भय. कष्टाची भाषा शेतकऱ्याची आणि हक्काची भाषा दरबाराची, असे या विभागणीचे ढोबळ वर्णन करता येईल.

३

जावातील नवव्या-दहाव्या शतकांच्या लेखांत दोन संज्ञा वारंवार येतात: 'सिमा' आणि 'द्रव्य हाजि'. 'हाजि' म्हणजे राजा. अर्थात 'द्रव्य हाजि' म्हणजे राजाला जावयाचे देणे. 'सिमा' म्हणजे सीमा आखून राजदेण्यातून मुक्त केलेली जमीन. इ. स. ९०७ मधील मंत्यासिहच्या प्रसिद्ध लेखात बालितुंग राजाने तेथील पतिहांस त्यांच्या सेवेबद्दल अशी सिमा दिल्याचे नमूद आहे. आपल्याकडील अग्रहार व इनाम यांच्या ताम्रपटांशी परिचय असणाऱ्यास हा प्रकार नवखा वाटणार नाही.

तथापि अशा लेखांतून राजा जे सोडून देतो ते काय, हे बारकाईने पाहावयास हवे. तो जमीन 'देत' नाही. तिच्यावर राहणाऱ्यांकडून येणारे धान्य व त्यांचे श्रम यांवरील आपला अधिकार तो दुसऱ्याकडे वळवितो. जमीन मुबलक आणि माणसे थोडी अशी स्थिती असल्यावर राजाची श्रीमंती जमिनीत नसून माणसांत असावयाची. करवसुलीची पुढील काळातील मापे हेच दाखवितात. मताराम राज्यात प्रदेशाचे मूल्य क्षेत्रफळाने नव्हे, तर 'चाचाह'ने सांगितले जाई. 'चाचाह' म्हणजे मोजदाद. व्यवहारात ते करदायी कुटुंबांचे एकक होते. १७५५ च्या ग्यांती तहान्वये मतारामचे सुराकार्ता व योग्यकार्ता असे दोन भाग झाले, तेव्हाही वाटणी नकाशावर रेघ ओढून झाली नाही. चाचाहांची संख्या वाटून घेण्यात आली. परिणामी दोन्ही दरबारांची गावे एकमेकांत मिसळून राहिली.

क्षेत्रमापनाचे एकक 'बाऊ' हेही असेच बोलके आहे. संस्कृत 'बाहु' शब्दाचेच हे रूप. त्याचा अर्थ भुजा, त्यावरून काम करणारा गडी, आणि त्यावरून एका गड्याच्या वाट्याची जमीन. डच अमदानीत हे माप सुमारे ०.७ हेक्टर असे ठरविण्यात आले. परंतु मूळ कल्पना जमिनीच्या लांबीरुंदीची नसून मनुष्यबळाची होती. जमीन धारण करणाऱ्यास त्या काळी 'सिकेप' म्हणत. राजाचे देणे आणि वेठ यांचा भार त्याने पत्करलेला असे. त्याच्या आश्रयाने राहणारे, त्याच्या शेतात राबणारे व त्याच्या वाट्याची वेठ प्रत्यक्ष करणारे ते 'नुम्पांग'. या शब्दाचा अर्थ दुसऱ्याच्या वाहनात बसणारा, दुसऱ्याकडे उतरणारा असा आहे. महाराष्ट्रातील मिरासदार व उपरी यांची जोडी येथे आठवेल. परंतु मिराशीत वंशपरंपरागत हक्काचा अभिमान मुख्य होता, तर सिकेपाच्या स्थानात भार उचलण्याची जबाबदारी मुख्य होती. जमीन असणे म्हणजे राजाच्या हिशेबात धरले जाणे होय.

४

दरबार आणि खेडे यांच्यामध्ये एक साखळी होती. राजपुत्र व सरदार यांना वेतनाऐवजी गावांचे उत्पन्न तोडून दिले जाई. त्यास 'लुंगुह', म्हणजे बैठक किंवा आसन, असे नाव होते. असा धारक, ज्याला 'पातुह' म्हणत, सहसा राजधानीत राहत असे आणि गावातील वसुली 'बेकेल' नावाच्या मक्तेदारावर सोपवीत असे. सर्वसाधारणपणे पिकाच्या पाच भागांपैकी दोन पातुहास, एक बेकेलास आणि उरलेले दोन शेतकऱ्यास अशी विभागणी सांगितली जाते. एकाच वस्तीतील शेते निरनिराळ्या पातुहांकडे व बेकेलांकडे असू शकत. म्हणून प्रशासनाच्या दृष्टीने 'गाव' नावाची एकसंध वस्तू या प्रदेशात शोधूनही सापडली नसती.

या ठिकाणी भारताशी असलेला प्रत्यक्ष संबंध नोंदविणे उचित होईल. १८११ मध्ये इंग्रजांनी जावा घेतले. १८१६ पर्यंत त्याचा कारभार ले. गव्हर्नर स्टॅम्फर्ड रॅफल्स याच्याकडे होता. १८१३ पासून त्याने सरकारी मुलखात जमीनसारा सुरू केला. भातखाचरांच्या तीन प्रती लावून उत्पन्नाचा अनुक्रमे निम्मा, दोनपंचमांश व एकतृतीयांश भाग सरकारचा असे त्याचे प्रमाण होते. राजा हाच भूमीचा अंतिम स्वामी, शेतकरी हा त्याचा कूळ, आणि दोहोंमध्ये मध्यस्थ नको, ही भूमिका त्याने मुख्यतः मद्रासकडील रयतवारीच्या चर्चेतून उचलली होती. जावातील भूधारणेच्या चौकशीसाठी नेमलेल्या मंडळाचा प्रमुख कॉलिन मॅकेन्झी हा दक्षिण भारतातील भूमापनामुळे विख्यात असलेला अधिकारी होता. याच पिढीतील एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावरील अहवालात दक्षिणेतील गावगाड्याचे वर्णन स्वयंपूर्ण लहान राज्यासारखे केले. पुरातन ग्रामसमाज ही कल्पना अशा रीतीने महसुलाच्या कचेऱ्यांतून दोन्हीकडे पसरली. जावातील डच अधिकाऱ्यांच्या लेखनातही ती पुढे शतकभर टिकून राहिली.

परंतु सामूहिक जमीनधारणेचे जे दृश्य या अधिकाऱ्यांना पुरातन वाटले, त्याचा मोठा भाग अलीकडचा होता. १८३० मध्ये व्हान देन बोश याने सक्तीच्या लागवडीची पद्धती सुरू केली. गावाने आपल्या जमिनीचा एकपंचमांश भाग ऊस, नीळ इत्यादी निर्यातीच्या पिकांसाठी राखावा असा कागदावरील नियम होता. प्रत्यक्षात जमीन व श्रम दोन्ही त्याहून पुष्कळ अधिक घेतले जात. हा भार जमीनधारकांवर असल्यामुळे तो अधिकांच्या खांद्यांवर विभागावयाचा, तर धारकांची संख्या वाढविणे भाग होते. अनेक जिल्ह्यांत गावची खाचरे पुनःपुन्हा वाटण्यात आली, वाटे लहान करण्यात आले आणि कालपर्यंत नुम्पांग असलेल्यांस जमीन देऊन वेठीस धरण्यात आले. कित्येकांनी जमीन सोडून पळ काढला. १८४९-५० मध्ये देमाक व ग्रोबोगान या भागांत पडलेल्या भीषण दुष्काळात या व्यवस्थेचे स्वरूप उघडे झाले. १८६० मध्ये मुल्तातुली या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या 'माक्स हाव्हेलार' या कादंबरीने जावातील शेतकऱ्याच्या पिळवणुकीकडे डच लोकमताचे लक्ष वेधले.

१८६८-६९ या सुमारास सरकारने जावातील ८०८ गावांत देशी लोकांच्या भूमिहक्कांची मोठी चौकशी केली. तिचा सारांश १८७६ पासून तीन खंडांत प्रसिद्ध झाला. सामूहिक धारणा कोठे आहे, खाजगी कोठे आहे, याच्या तपशीलवार नोंदी त्यात आहेत. या नोंदी हाती घेऊन नंतरच्या अभ्यासकांनी, विशेषतः यान ब्रेमन व रॉबर्ट एल्सन यांनी, जुन्या समजुतीची कसून तपासणी केली. ब्रेमन यांच्या मते जावातील बंदिस्त, एकजिनसी ग्रामसमाज ही बव्हंशी वसाहतवादी राज्यव्यवस्थेचीच निर्मिती आहे. हे मत टोकाचे असल्याचा आक्षेप घेतला गेला आहे आणि तो सर्वथा अनाठायी नाही. कारण पाणीवाटप, शेजाऱ्यांची मदत व स्लामेतानचे सामुदायिक भोजन यांतून व्यक्त होणारा शेजारधर्म कोणत्याही सरकारने निर्माण केलेला नव्हता. तथापि जमिनीच्या वाटपापुरते पाहिले, तर समानतेचा जो देखावा अनेक गावांत दिसत होता तो बंधुभावातून नव्हे, तर समान ओझ्यातून आलेला होता, एवढे निश्चित म्हणता येते.

५

सक्तीची लागवड योग्यकार्ता संस्थानाला सरळ लागू नव्हती. परंतु तेथे तेच कार्य खंडाने झाले. युरोपीय बागाईतदारांनी पातुहांकडून गावे खंडाने घेण्यास आरंभ केला. १८२३ मध्ये गव्हर्नर जनरल व्हान देर कापेलेन याने असे करार रद्द केले, तेव्हा आगाऊ रकमा परत करण्याचा बोजा सरदारांवर पडला. १८२५ ते १८३० च्या दिपोनेगोरोच्या युद्धामागील असंतोषाचे हे एक कारण होय. युद्धानंतर खंडाची पद्धत पुन्हा जोमाने वाढली. नीळ मागे पडून ऊस आला. बागाईतदाराने जमीन घेतली म्हणजे पातुहाचा श्रमावरील हक्कही घेतला, असे मानले जाई. गावच्या खाचरांपैकी निम्मी उसाखाली जात व पीक निघाल्यावर अदलाबदल होई. या फेरपालटास 'ग्लेबागान' म्हणत. शेतकऱ्यास आपल्याच शेतात एका हंगामात भाताचा धनी आणि दुसऱ्या हंगामात उसाचा वेठकरी व्हावे लागे. 'कुली' हा शब्द या प्रदेशात भूमिधारकाचा वाचक कसा झाला, याचा उलगडा या परिस्थितीत होतो. हा शब्द भारतातून आला असे सामान्यतः मानतात. तो तमिळातील मजुरीवाचक 'कूलि'पासून आला की पश्चिम किनाऱ्यावरील जातिनामापासून, याविषयी मतभेद आहेत. मूळ कोणतेही असो, त्यात श्रमाची सेवा हा अर्थ होता. जावातील गावात अशी सेवा मागितली जाई ती जमीन असणाऱ्याकडून. ज्याच्यापाशी जमीन नाही, त्याच्याकडे राज्याचे मागणेही नाही. म्हणून तो 'कुली' नव्हे.

१९१४ पासून काही वर्षांत लुंगुह व बेकेल यांची पद्धत बंद करण्यात आली. वस्त्या एकत्र करून 'कालुराहान' नावाच्या ग्रामसंस्था स्थापिल्या गेल्या व जमिनीची मोजणी झाली. १९१८ च्या कायद्याने हक्कांची मांडणी दोन शब्दांत केली. ग्रामसंस्थेस दिलेला हक्क 'आंदार्बे'चा, म्हणजे धारणेचा. शेतकऱ्यास दिलेला 'आंगांगो'चा, म्हणजे वंशपरंपरागत वापराचा. यांपैकी 'दार्बे' हे क्रियापद म्हणजे शिलालेखांतील 'द्रव्य' शब्दाचेच वंशज. सहस्र वर्षांपूर्वी राजाचे देणे दर्शविणारा शब्द आता मालकी दर्शवू लागला. आणि ज्याचे हात चिखलात होते त्याच्या वाट्यास 'वापरणे' हे देशी क्रियापद आले. शेतकऱ्यास पूर्ण वैयक्तिक मालकी मिळण्यास १९५४ चा प्रांतिक कायदा यावा लागला.

'लुंगुह' शब्दाची गतीही पाहण्यासारखी आहे. सरदारांचे लुंगुह गेले, परंतु गावचा प्रमुख 'लुराह', त्याचा लेखनिक 'चारिक', पाटबंधाऱ्यांचा अधिकारी 'उलु-उलु' इत्यादींना पगाराऐवजी गावच्या खाचरांतून जमिनी तोडून देण्यात आल्या. अन्यत्र त्यांस 'बेंकोक' म्हणतात. योग्यकार्तात मात्र त्यांचे नाव 'पेलुंगुह'. राजधानीतील सरदाराचे आसन गावच्या कारभाऱ्याकडे आले. बहुतेक खेड्यांत सर्वांत मोठा जमीनधारक हा हाच कारभारी राहिला.

६

या सर्व काळात एक मूलभूत बदल घडत होता. रॅफल्सच्या गणनेत जावाची लोकसंख्या सुमारे ४६ लाख होती. हा आकडा कमी असल्याचे नंतरचे अभ्यासक मानतात. १९३० च्या जनगणनेत जावा व मादुरा मिळून ती सुमारे ४ कोटी १७ लाख झाली आणि २०२० मध्ये एकट्या जावाची १५ कोटी १६ लाख भरली. माणसे थोडी व जमीन मुबलक हे जुने समीकरण पूर्णपणे उलटले. जी जमीन टाकून शेतकरी पळून जात असे, ती आता मिळेनाशी झाली. ओझे होते ते भाग्य झाले. 'कुली केंचेंग' हे नाव तेच राहिले, परंतु त्यातील भाराचा अर्थ मागे पडला व प्रतिष्ठेचा अर्थ उरला. लुराह निवडण्याचा अधिकारही मुख्यतः अशा धारकांचाच होता. १९४६ मध्ये, योग्यकार्ता नव्या प्रजासत्ताकाची राजधानी असताना, नववा सुलतान हामेंकुबुवाना याने ग्रामकारभाराची पुनर्रचना केली व मताधिकार जमिनीवर अवलंबून न ठेवता प्रौढ स्त्रीपुरुषांस दिला. इंदुंग आणि मोंदोक यांना गावाने प्रथमच गावकरी म्हणून मोजले.

मत मिळाले, तरी धान्य मिळविण्याचा त्यांचा मार्ग निराळा होता. तो कापणीचा. भाताची कापणी हे स्त्रियांचे काम. 'आनी-आनी' तळहातात दडवून त्या एकेक लोंबी खुडीत, आणि खुडलेल्याचा ठराविक हिस्सा 'बावोन' म्हणून घरी नेत. शेजारीण वा नातलग असेल तर हिस्सा मोठा, परकी असेल तर लहान. कापणीस आलेल्या स्त्रीस परत पाठविणे अशिष्ट समजले जाई. क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९६३ मध्ये अशा व्यवहारांवरून जावातील खेडे आपले दारिद्र्य वाटून घेते, असा सिद्धांत मांडला. तो आकर्षक असला, तरी वाटून घेणाऱ्यांत एक जमीनवाला व दुसरा बिनजमिनीचा, हा भेद त्यात पुसट होतो, असे पुढील पाहण्यांनी दाखवून दिले.

१९६० मध्ये मूलभूत भूमिकायदा, पीकवाटणीचा कायदा आणि कमाल धारणेचा कायदा असे तीन कायदे झाले. दाट वस्तीच्या भागांत सावाहाची कमाल मर्यादा ५ हेक्टर ठरली. जावात तिच्यावरची जमीन फार थोडी आणि ती काढून घेण्याची गती त्याहूनही मंद. १९६३ पासून शेतकरी संघटनांनी स्वतःच जमिनींचा ताबा घेण्यास सुरुवात केली. योग्यकार्ता व सुराकार्ता यांच्यामधील क्लातेन जिल्ह्यात १९६४ मध्ये हा संघर्ष तीव्र झाला. १९६५-६६ च्या हत्याकांडात त्याचा शेवट झाला. मृतांचा आकडा सामान्यतः पाच लाख व त्याहून अधिक सांगितला जातो. त्यानंतर खेड्यात भूमिसुधारणेचा उच्चार करणेही धोक्याचे होऊन बसले. ज्या कुटुंबांतील माणसे मारली गेली वा तुरुंगात गेली, त्यांतील अनेकांच्या जमिनीही गेल्या.

त्यानंतर आलेल्या नव्या बियाण्यांनी उत्पन्न वाढविले, यात संशय नाही. १९८४ मध्ये इंडोनेशियाने तांदळाच्या बाबतीत स्वयंपूर्णता जाहीर केली. परंतु बुटक्या, एकाच वेळी पिकणाऱ्या या जातींस आनी-आनीची गरज नव्हती. त्या विळ्याने कापता येत. उभे पीक व्यापाऱ्यास विकण्याची 'तेबासान' ही पद्धत वाढली. व्यापारी आपली विळेकरी पुरुषांची टोळी आणी व शेजारणींना बोलावणे जमीनमालकाच्या हाती राहत नसे. त्याच काळात भात सडण्याच्या लहान यंत्रांनी लेसुंगावरील कांडण जवळजवळ संपविले. ज्यांच्या घरी सावाह नव्हती, त्या स्त्रियांचे धान्याचे दोन्ही मार्ग एकदम आखडले. काही भागांत 'केदोकान' नावाचा प्रकार बळावला: लावणी व बेणणी मजुरीवाचून करावयाची आणि त्या बदल्यात कापणीचा हक्क मिळवावयाचा. पूर्वी जमीन मिळविणाऱ्यास वेठ करावी लागे; आता जमीन न मिळता केवळ कापणीच्या हक्कासाठी विनामूल्य श्रम द्यावे लागू लागले.

७

आरंभीच्या कोड्याकडे आता परत वळता येईल. 'कुली' शब्दाचा जावातील अर्थ विपरीत नव्हता. श्रम देणारा हाच त्याचा अर्थ सर्वत्र होता. फरक एवढाच की, त्या भूमीत श्रमाचे मागणे जमिनीमागून येत असे. कालांतराने जमिनीवरील भार हलका झाला आणि तिचे मोल वाढले, तेव्हा भारवाचक नावे प्रतिष्ठावाचक झाली. श्रमाचा भार मात्र नाहीसा झाला नाही. ज्यांच्यासाठी उतरंडीत 'कुली' हे नाव नव्हते, त्यांच्याकडे तो सरकला. आजच्या इंडोनेशियन भाषेत 'कुली' म्हणजे पुन्हा केवळ मजूर आहे. गावच्या सामुदायिक श्रमास 'केर्जा बाक्ती' म्हणतात. कार्य आणि भक्ती हे ते दोन शब्द. वेठीच्या इतिहासावर त्यांचे आवरण सुबक बसते.

शब्दांचा हा व्यवहार अद्याप संपलेला नाही. २०१२ च्या कायद्याने योग्यकार्ताच्या सुलतानशाहीस व पाकुआलामान या लहान संस्थानास भूमिधारक संस्था म्हणून मान्यता दिली, आणि २०२० मध्ये 'कालुराहान' हे जुने नाव गावांस पुन्हा लावण्यात आले. कुलोनप्रोगोच्या दक्षिण किनाऱ्यावर शेतकऱ्यांनी ओसाड वाळूत विहिरी खणून व खत घालून मिरची व कलिंगडे पिकविली होती. त्या वाळूपैकी बरीच पाकुआलामानची असल्याचे सांगून तेथे प्रथम लोहमिश्रित वाळूची खाण योजण्यात आली आणि पुढे तेमोन भागात विमानतळ उभा राहिला. २०१९ मध्ये त्याचा वापर सुरू झाला. विस्थापित होणाऱ्यांपैकी ज्यांच्यापाशी मालकीचा कागद होता आणि ज्यांच्यापाशी केवळ कसवणुकीचा पुरावा होता, त्यांच्या पदरी सारखे माप पडले नाही. 'आंदार्बे' आणि 'आंगांगो' या शब्दांतील अंतर १९१८ मध्ये कागदावर आखले गेले. त्या अंतरात उभ्या असलेल्या कुटुंबांच्या दृष्टीने ते आजही जमिनीवर मोजता येण्यासारखे आहे. जावातील खेड्याचा इतिहास लिहिताना जमीन कोणाची होती, हा प्रश्न पुरेसा नाही. ती कोणत्या क्रियापदाने त्याची होती, हेही प्रत्येक काळासाठी स्वतंत्रपणे विचारावे लागेल.